सभेची हवा

नवी पंचायत कचेरी झाली, गावातल्या सगळ्यांची तब्येत सुधारली आणि सरपंच गेबहार्ड मेट्झलरची झोप उडाली.

कचेरी खरं तर त्यानेच हट्टाने बांधून घेतली होती. लाकूड रीडबाख गावाच्याच जंगलातलं, भिंतींना गावच्याच मातीचं लिंपण, आणि खिडक्या एवढ्या मोठ्या की बसल्या जागेवरून पलीकडच्या डोंगरावरचं बर्फ दिसावं. वरच्या मजल्यावर बालवाडी, खाली कचेरी आणि सभेची खोली. छतात कुठेतरी दडवलेली यंत्रणा बाहेरची हवा आत ओढून घ्यायची, उबदार करायची आणि कुणाला कळणारही नाही इतक्या हळू खोलीत सोडायची. भिंतीवर एक छोटा दिवा होता. हवा ताजी असली की हिरवा, शिळी व्हायला लागली की पिवळा, आणि फारच कोंडली की लाल. उद्घाटनापासून तो हिरवाच होता. त्याच्या शेजारी काचेच्या चौकटीत मानपत्र होतं, कारण निरोगी वास्तू म्हणून या इमारतीला बक्षीस मिळालं होतं.

म्हाताऱ्या वेन्डेलिनचा वर्षानुवर्षांचा खोकला ईस्टरनंतर थांबला. चीज बनवणाऱ्या इल्गा नाटरची डोकेदुखी गेली. आणि सभेत कुणी पेंगेनासं झालं. गेबहार्डची अडचण तीच होती.

पूर्वी सभा भरायची ती अग्निशमन दलाच्या गॅरेजमागच्या खोलीत. छत बुटकं, तेलाची शेगडी धगधगलेली, खिडक्या रंगाने कधीच्या चिकटून बसलेल्या. ओले कोट अंगावर घेऊन सभासद दाटीवाटीने बसायचे. अर्धा तास झाला की चेहरे लाल, आणखी थोडा वेळ गेला की डोळे जड. गेबहार्ड मात्र टवटवीत असायचा. अवघड विषय तो नेहमी शेवटी ठेवायचा. खोलीत शांतता पसरली की म्हणायचा, "तर मग, मंजूर?" आणि पहिला हात स्वतः वर करायचा. बाकीचे हात मागोमाग वर जायचे, कारण हात वर गेले की दार उघडायचं. अठरा वर्षं गाव असं सुरळीत चाललं होतं. शेजारच्या गावांचे सरपंच त्याला विचारायचे, तुझ्याकडे भांडणं कशी होत नाहीत? गेबहार्ड नम्रपणे म्हणायचा, "माणसं सांभाळावी लागतात."

नव्या खोलीत पहिला दणका इल्गाने दिला.

"चर्चची घंटा पहाटे साडेपाचला वाजवायची असं कोणी ठरवलं?"

"आपणच," गेबहार्ड म्हणाला.

"कधी?"

"झाली चार-पाच वर्षं. तूही हात वर केला होतास, इल्गा."

"मी झोपले होते."

"हात वर होता तुझा."

"आळस देत असेन. आळस देताना माझा हात वर जातो."

सगळे हसले, आणि मग हसता हसता विचारात पडले. वेन्डेलिनला आठवेना की ओढ्यावरचा पूल अरुंद ठेवायला आपण का होकार दिला. शाळेच्या बाईंना आठवेना की खेळाच्या मैदानाला कुंपण का नाही. प्रत्येक जण आपापले होकार तपासायला लागला. जी सभा तासाभरात संपायची ती रात्रीचं जेवण थंड होईपर्यंत चालायला लागली. शिवाय कुणी थकेना. बाहेर पडतानासुद्धा लोक पायऱ्यांवर उभे राहून ताज्यातवान्या आवाजात वाद घालत.

हेही गेबहार्डने सोसलं असतं, पण मध्येच बसचा प्रश्न आला.

खालच्या दरीतून वर येणारी बस जुनी झाली होती. तिच्या जागी बॅटरीवर चालणारी, अधिक लांबीची बस यायची होती, आणि ती वळवायला रीडबाखमध्ये जागा नव्हती. बसवाल्यांनी सांगितलं होतं की महिनाअखेरपर्यंत जागा ठरवा, नाहीतर हिवाळ्यापासून बस खालच्या गावातच थांबेल. वेन्डेलिनची नजर अधू झाल्यापासून त्याने गाडी चालवणं सोडलं होतं. दर आठवड्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो बसनेच जायचा. असे आणखी दहा-बारा जण गावात होते. बर्फात तेवढा चढ चढून येणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

बस कुठे वळवायची यावर तीन सभा झाल्या. चर्चखालच्या मोकळ्या जागेत वळवावी तर दफनभूमीची भिंत पाडावी लागत होती. इल्गाच्या डेअरीपुढे वळवावी तर दुधाच्या गाड्या अडकणार होत्या. उरली वेन्डेलिनची नासपतीची बाग.

"माझ्या आजोबांनी लावलेली झाडं आहेत," वेन्डेलिन म्हणाला.

"पण वेन्डेलिनकाका, बस तुम्हालाच तर हवी आहे," गेबहार्ड म्हणाला.

"बस हवी आहे. झाडंही हवी आहेत. दोन्ही हवं असायला माणसाला बंदी आहे का?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, आणि सगळे जागे असल्यामुळे उत्तर नाही हे सगळ्यांच्या लक्षातही आलं.

त्या संध्याकाळी गेबहार्ड घरी आला आणि आपल्या अंगणात जाऊन उभा राहिला. त्याचं घर गावाच्या अगदी टोकाला, रस्ता जिथे संपतो तिथे होतं. वडिलांच्या काळी तिथे गुरं बांधली जायची. आता ते लांबरुंद, सपाट, हिरवंगार अंगण होतं आणि तो ते स्वतः कापायचा. गावात तेवढीच एक जागा होती जिथे त्याला कुणी काही विचारायचं नाही. आपल्याला काय करायचं आहे हे त्याला तिथे उभ्या उभ्या स्पष्ट झालं. बस आली पाहिजे. त्यासाठी वेन्डेलिनच्या बागेतली फक्त चार झाडं जातील. जुन्या खोलीत हा विषय दहा मिनिटांत मार्गी लागला असता. मग एका संध्याकाळपुरती ती खोली परत आणायला काय हरकत आहे?

यंत्रणा कशी चालवायची हे त्याला शिकवलेलं होतं. इमारत रिकामी असताना वापरायची एक सोय होती, सुट्टीची. ते बटण दाबलं की हवा जेमतेम चालू राहायची. त्याने ते फक्त खालच्या मजल्यापुरतं दाबलं. बालवाडीला हात लावला नाही, तेवढी शुद्ध त्याला होती. मग खिडक्यांचा प्रश्न आला. कोंदट वाटलं की इल्गा उठून खिडकी उघडणार हे नक्की होतं. म्हणून गेबहार्ड आपला चुलतभाऊ कास्पर याच्याकडे गेला.

"कचेरीच्या मागच्या कुरणात शेणाचा रबडा कधी टाकणार आहेस?"

"पुढच्या आठवड्यात," कास्पर म्हणाला.

"गुरुवारी दुपारी टाकशील?"

कास्परने त्याच्याकडे निरखून पाहिलं. आजवर सरपंच त्याला रबडा कधी टाकू नको एवढंच सांगत आला होता. "टाकतो की. जरा जास्तच टाकू?"

"तुझ्या मनाला येईल तेवढा."

उरला तो दिवा. गेबहार्डने खिळा काढून जरा बाजूला ठोकला आणि निरोगी वास्तूचं मानपत्र बरोबर दिव्यावर येईल असं टांगलं.

गुरुवारी त्याच्या अंदाजापेक्षा सगळंच जास्त जुळून आलं. दुपारपासून पाऊस लागला, त्यामुळे सगळे ओले कोट घालून आले. बसचा विषय म्हणून सभासदांशिवाय निम्मं गाव ऐकायला आलं. गेबहार्डची बायको हेर्लिंडेही मागे दाराशी उभी राहिली. कास्परच्या कुरणातून असा दर्प येत होता की खिडकीचं नाव कुणी काढलं नाही. आणि सुट्टीचं बटण दाबलं की खिडक्यांवरच्या झडपाही आपोआप खाली येतात, हे गेबहार्डला कुणी सांगितलं नव्हतं किंवा सांगितलं तेव्हा त्याचं लक्ष नव्हतं. पहिलाच विषय चालू असताना झडपा हळूहळू उतरल्या आणि डोंगर दिसेनासा झाला.

"हे काय?" इल्गाने विचारलं.

"ऊर्जा वाचते," गेबहार्ड म्हणाला.

बसचा विषय येईपर्यंत खोलीत जुनी ओळखीची ऊब पसरली होती. शाळेच्या बाईंनी हनुवटी तळहातावर टेकली. इल्गा मधूनमधून डोळे मोठे करून पाहत होती, पण काही विचारत नव्हती. गेबहार्डने समाधानाने बागेचा प्रस्ताव वाचायला घेतला. दुसऱ्या वाक्यात त्याची ओळ चुकली. त्याने ती पुन्हा वाचली आणि पुन्हा तीच चुकली. कपाळ जड झालं होतं. खोली छान होती. लाकडाचा वास छान होता. कुणीतरी लांबून बोलत होतं.

"...मग गेबहार्डच्याच अंगणात वळवा की," वेन्डेलिन डोळे मिटूनच पुटपुटला. "एवढं मोठं पडलंय."

गेबहार्डला त्यातलं आपलं नाव तेवढं ऐकू आलं. मग शांतता पसरली. अशा शांततेत काय करायचं हे अठरा वर्षांत त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं.

"तर मग, मंजूर?" तो म्हणाला आणि पहिला हात स्वतः वर केला.

सगळे हात वर गेले. कुणीही विरोधात नव्हतं. सचिवाने तसं टिपून घेतलं आणि दार उघडलं.

घरी जाताना गार वाऱ्याने गेबहार्डचं डोकं थोडं हलकं झालं. "बघितलंस? एकमताने," तो म्हणाला.

"बघितलं," हेर्लिंडे म्हणाली. "पण आपल्या अंगणात बस आणायची हे मला आधी सांगायचं तरी होतंस."

गेबहार्ड रस्त्यातच थांबला. "कुणाच्या अंगणात?"

"आपल्या. मी दाराबाहेर हवा खायला गेले होते, तिथून नीट ऐकू आलं. मला वाटलं, माणूस बदलला. मला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर."

त्या रात्री त्याने ठरवलं की सकाळी चूक झाली म्हणून सांगायचं आणि पुन्हा मतदान घ्यायचं. पण सकाळी त्याच्याआधी इल्गा दारात हजर झाली.

"गेबहार्ड, तुझ्या जागेबद्दल आभार मानायला आले होते. तू असं करशील असं वाटलं नव्हतं." ती कपाळ चोळत होती. "पण दुसरंच सांगायचंय. काल माझं डोकं परत दुखलं, अगदी जुन्या खोलीसारखं. शाळेच्या बाईंना मळमळलं. वेन्डेलिनकाका रात्रभर खोकले. त्या इमारतीत काहीतरी बिघडलंय."

"एखाद्या दिवशी होतं असं."

"आपल्याला झालं तर ठीक आहे. वर पोरं बसतात."

गेबहार्ड काही बोलला नाही. इल्गा गेली, आणि त्याच्या न बोलण्याचं फळ दुपारपर्यंत गावभर पसरलं. कुणी म्हणालं लाकडाला लावलेलं तेल विषारी आहे. कुणी म्हणालं भिंतीच्या मातीत बुरशी धरली आहे. आईवडिलांनी सोमवारी मुलांना बालवाडीत पाठवलं नाही. मंगळवारी तर बालवाडीच्या ताई रिकाम्या वर्गात एकट्याच बसून होत्या. ज्या इमारतीने गावाचा खोकला घालवला तिच्याकडे लोक रस्ता ओलांडून लांबूनच बघायला लागले. ती उभारणारी वास्तुकार युडिथ मोजमापाची यंत्रं घेऊन शहरातून आली. दोन दिवस ती भिंतींना कान लावून बसावं तशी बसली होती. तिला काही सापडत नव्हतं, आणि काही सापडत नाही म्हणून ती अधिकच घाबरली होती.

"लोक आजारी पडले म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार," ती गेबहार्डला म्हणाली. "गरज पडली तर भिंती उघडू या."

बटण गेबहार्डने दुसऱ्याच दिवशी पूर्ववत केलं होतं, तिला सापडणार तरी काय. तो "बघू" म्हणाला आणि बाहेर पडला. पाय नेतील तिकडे चालत तो जुन्या खोलीपाशी आला. आता तिथे अग्निशमन दलाचे पाइप ठेवलेले होते. सरपंचाची जागा होती तिथे एक खोका होता, त्यावर तो बसला. त्याला एकच गोष्ट कळत नव्हती. अठरा वर्षं याहून वाईट हवेत आपण कधी पेंगलो नाही, मग नव्या खोलीत एका संध्याकाळीच असं कसं झालं?

थोड्या वेळाने त्याला घोट्यांना गार वाटलं. त्याने खाली पाहिलं. मागचं दार खालून झिजलेलं होतं आणि त्या फटीतून बाहेरची हवा सरळ त्याच्या खोक्याकडे येत होती. तो उठून इल्गाच्या जागेवर जाऊन बसला. तिथे काहीच येत नव्हतं. वेन्डेलिनच्या जागेवर बसला. तिथेही नाही.

आपलं डोकं थंड आहे असं तो इतकी वर्षं समजत होता. थंड होते ते पाय. आपल्या गावात एकी आहे असंही तो समजत होता. ती एकी नव्हती, डुलकी होती. आणि त्या गुरुवारी तर त्याने ती डुलकी मुद्दाम आणली होती, तसल्या हवेने माणसं खोकतात हे ठाऊक असूनही.

त्याने सभा बोलावली. या वेळी आईवडीलही आले, पण कोट अंगावरच ठेवून, दाराच्या जवळ. युडिथ कोपऱ्यात आपली यंत्रं मांडीवर घेऊन बसली होती. गेबहार्ड उठला, भिंतीवरचं मानपत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्यामागचा दिवा हिरवा होता.

"इमारत ठणठणीत आहे," तो म्हणाला. "त्या गुरुवारी हवा मी बंद केली होती. वरची नाही, फक्त इथली."

मग त्याने सगळंच सांगितलं. बटण, मानपत्र, जुन्या दाराची फट. कास्परने रबड्याचा उल्लेख येताच जमिनीकडे पाहिलं. युडिथने डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला.

"म्हणजे पोरांना काही धोका नाही?" एका आईने विचारलं.

"नाही. कधीच नव्हता."

"म्हणजे अठरा वर्षं तू आम्हाला गुंगीत ठेवलंस?" इल्गा म्हणाली.

"अठरा वर्षं खोलीने ठेवलं. त्या गुरुवारी मी ठेवलं."

"आणि तुझं अंगण घ्या असं मी म्हणालो?" वेन्डेलिनने विचारलं.

"तुम्हीच, काका. तेव्हा तो निर्णय काही खरा नाही. कुणी शुद्धीवर नव्हतं. आपण पुन्हा पहिल्यापासून बोलू."

"मला आठवत नाही म्हणालो होतो ते," वेन्डेलिन म्हणाला. "पण कल्पना वाईट नाही."

आणि मग ते बोलायला लागले. सगळे पूर्ण जागे होते. रस्ता गेबहार्डच्या घराशीच संपतो, त्यामुळे बस मागे घ्यावी लागणार नाही, हे शाळेच्या बाईंनी सांगितलं. मुलांना रस्ता ओलांडावा लागणार नाही, हे त्या आईने सांगितलं. भिंत पडणार नव्हती, झाडं जाणार नव्हती, दूध अडणार नव्हतं. गेबहार्ड विरोधात एखादा मुद्दा शोधत होता. हवा उत्तम होती, डोकं स्वच्छ होतं, आणि त्या स्वच्छ डोक्यात एकही मुद्दा येत नव्हता. एकच होता, की मला तिथे एकट्याला बसायला आवडतं, आणि तो काही सभेत मांडण्यासारखा नव्हता.

हात वर गेले. या वेळी त्याचा हात सगळ्यात शेवटी गेला, पण गेला.

गेबहार्डला सरपंच ठेवावं की नाही, यावरही मग सविस्तर चर्चा झाली. त्याने ती खाली मान घालून ऐकली. शेवटी इल्गा म्हणाली, "दुसरा निवडायचा म्हणजे आणखी सभा. त्यापेक्षा हाच राहू दे. याचं सगळं आता आपल्याला ठाऊक झालंय."

सोमवारी बालवाडी पुन्हा भरली. पहिलं बर्फ पडायच्या आधी बसही आली. चाकांचा आवाज सोडला तर तिचा आवाजच नव्हता. गेबहार्डच्या अंगणात ती ऐटीत वळायची आणि सुटायच्या वेळेपर्यंत तिथेच थांबायची. लोक मात्र तिच्याही आधी येऊन बसत. उघड्यावरची हवा, समोर डोंगर आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत सरपंच. घरात नाही असं सांगायचीही सोय राहिली नव्हती, कारण तो सगळ्यांना दिसत होता.

"गेबहार्ड, पुलाचं काय झालं?"

"गेबहार्ड, कुंपण कधी?"

"गेबहार्ड, माझ्या मते घंटा साडेसहाला हवी," वेन्डेलिन म्हणायचा, आणि इल्गा म्हणायची की सातला. मग दोघंही त्याचं मत विचारायला खिडकीशी यायचे.

पंधरा दिवस काढल्यावर गेबहार्ड ड्रायव्हरकडे गेला. "इथे जरा कमी वेळ थांबता नाही का येणार? लवकर सुटायला काय हरकत आहे?"

"मला काय, मी आत्ता निघतो," ड्रायव्हर म्हणाला. "पण वेळ बदलायची तर तुमच्या पंचायतीला तसा ठराव करावा लागेल."

गेबहार्डने अंगणाकडे पाहिलं. इल्गा काहीतरी समजावून सांगत होती, वेन्डेलिन मान हलवत होता आणि शाळेच्या बाई बसायला जागा शोधत होत्या. त्याने थोडा विचार केला, घरात गेला आणि आणखी एक खुर्ची बाहेर आणून ठेवली.